भाऊजींची नादारी आणि तिसरा दावा

वाचकाचं पत्र

वकीलबाई, नमस्कार.

मी सक्करदऱ्याला राहते, वय ५४. मिस्टर २०१५ मध्ये वारले. आमचं घर त्यांनी १९९८ साली नोकरीत असताना कर्ज काढून घेतलं होतं, रजिस्ट्री त्यांच्या एकट्याच्या नावावर. दोघेच भाऊ. सासरे आधीच गेले होते, सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. मिस्टर गेल्यावर धाकट्या दिरानं "घर एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलं" म्हणून अर्धा हिस्सा मागणारा दावा टाकला. साक्षीपुरावे होऊन तो २०२१ मध्ये खारीज झाला. अपील त्यानं केलं नाही. मग वरच्या मजल्याचं भाडं त्याला मिळावं म्हणून त्यानं दुसरा दावा टाकला. त्यात तो पेशीवर यायचाच बंद झाला आणि २०२३ मध्ये तोही संपला.

आता पुन्हा कोर्टाची नोटीस. तोच अर्धा हिस्सा, आणि सोबत अर्ज की "मी गरीब आहे, कोर्ट फी भरू शकत नाही." हा माणूस किराणा दुकान चालवतो. दुकान जाऊबाईंच्या नावावर आहे. दिवाळीनंतर त्यानं हुडकेश्वरचा प्लॉट विकला. मोहल्ल्यात सांगून राहिला की कोर्टानं माझी फी माफ केली, आता वहिनीला घर सोडावंच लागते. कोणी म्हणते एक प्लॉटवाला ब्रोकर त्याच्या मागं आहे.

मला फॅमिली पेन्शन आहे, ती मुलीच्या शिक्षणात जाते. वकील कुठून करू? असे खोटे दावे कोर्ट पहिल्याच दिवशी का फेकत नाही? मी उलट मानहानीची केस टाकू का? आणि पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, जावं की नाही?

नोटीस, अर्जाची पहिली तीन पानं आणि मालमत्तेच्या यादीचा फोटो पाठवत आहे.

— एक वहिनी, नागपूर

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी मोहल्ल्यातली अफवा. कोर्टानं तुमच्या दिराची फी माफ केलेली नाही. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीवर 'दिवाणी किरकोळ अर्ज' असं छापलंय, 'नियमित दिवाणी दावा' असं नाही. तिसरा दावा अजून दाव्यांच्या रजिस्टरला चढलेलाच नाही. फी न भरता दावा चालवू द्या, एवढीच विनंती (म्हणजे नादारीचा अर्ज) सध्या कोर्टापुढे पडून आहे. तिच्यावर निर्णय करण्याआधी तुम्हाला आणि सरकारी वकिलाला किमान दहा दिवसांची नोटीस द्यावीच लागते. (सरकारला यासाठी, की बुडाली तर फी सरकारची बुडते.) ती नोटीस तुमच्या हातात आहे. तेव्हा भाऊजी जे झालं म्हणून सांगताहेत, ते होऊ नये म्हणून बोलायलाच कोर्टानं तुम्हाला बोलावलंय.

तर त्या पेशीला जा. पुष्कळ लोक नादारीची नोटीस आली की "हे त्याचं आणि सरकारचं, आपल्याला काय" म्हणून ती घरात ठेवून देतात. मग अर्ज एकतर्फी मंजूर होतो आणि पुढची काही वर्षं दावा फुकटात अंगावर चालतो.

नादारीची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ मध्ये आहे आणि ती चांगल्या हेतूनं केलेली आहे, हेही आधी सांगते. आपल्या राज्यात कोर्ट फी दाव्याच्या मूल्यांकनावर चढत जाते. २०१८ मध्ये तिची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. ज्याची जमीनच कुणी बळकावली आहे, त्यानं एवढे पैसे कुठून आणायचे? त्याच्यासाठी हे दार उघडं ठेवलंय. म्हणूनच ज्याच्या खिशात पैसे आहेत तो या दारातून शिरला की मला राग येतो. अशा अर्जांमुळे खरे गरीबही कोर्टाला संशयित वाटू लागतात.

कायद्यानं नादार कोण? दाव्याची फी भरण्याइतपत साधन ज्याच्याजवळ नाही तो. साधन मोजताना दोन गोष्टी वगळतात. एक, ज्या मालमत्तेबद्दल दावा आहे ती, म्हणजे तुमचं घर. दोन, ज्या वस्तू जप्तच होऊ शकत नाहीत त्या: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, वगैरे.

आता यादी बघा. पाच ओळी आहेत. कपडे व भांडी रुपये ५,०००. बँक शिल्लक रुपये १,१४०. सोने निरंक. स्थावर मालमत्ता निरंक. व्यवसाय मजुरी. पहिली ओळ मोजलीच जात नाही, ती यादी भरल्यासारखी दिसावी म्हणून आहे. दुसऱ्या ओळीत बँकेचं नाव नाही, खातं कितवं तेही नाही. एका खात्यात ११४० रुपये असणं आणि एकूण ११४० रुपये असणं यात फरक आहे. मागच्या वर्षभराचं पासबुक किंवा खातेउतारा हजर करायला लावा, असा अर्ज तुमच्या वकिलानं द्यावा. प्लॉट खरंच दिवाळीनंतर विकला असेल तर रक्कम कुठेतरी जमा झाली असेल आणि कुठेतरी गेली असेल.

प्लॉटबद्दल जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या बाजूची सगळ्यात मजबूत गोष्ट तीच आहे. अर्ज करण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत लबाडीनं, किंवा नादार म्हणून अर्ज करता यावा यासाठी, मालमत्ता विकली असेल तर अर्ज फेटाळता येतो. अर्जावर कोर्टाचा डिसेंबरचा शिक्का मला फोटोत दिसतोय. विक्रीची तारीख मात्र "दिवाळीनंतर" असून चालणार नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गावाचं नाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढता येतो. नाही जमलं तर दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात शोधाचा अर्ज द्या. त्या कागदावर तारीख आणि मोबदल्याची रक्कम दोन्ही येतात. तो एक कागद शेजारच्या चार साक्षीदारांपेक्षा जास्त बोलतो.

यात एक पाचर आहे, ती तुमच्या वकिलाला माहीत असेलच. विकलेल्या मालमत्तेची किंमत हिशेबात धरूनही तो नादारच ठरत असेल, तर केवळ विक्रीवरून अर्ज फेटाळता येत नाही. म्हणून रक्कम महत्त्वाची. आणि समजा विक्री दोन महिन्यांच्या आधीची निघाली, तरी प्रश्न संपत नाही. 'लबाडीच्या विक्री'चा मुद्दा गेला, पण 'पैसे आहेत' हा मुद्दा उरतोच.

दुकान जाऊबाईंच्या नावावर आहे, म्हणून ते आपोआप दिराचं साधन होत नाही. बायकोची मालमत्ता बायकोची. "सगळ्या सक्करदऱ्याला ठाऊक आहे" हा पुरावा नाही. पण साधन मोजताना कोर्ट नुसतं नावावरचं बघत नाही. २०११ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की माणसाचं उत्पन्न, नोकरीधंदा, विकता येण्याजोगी मालमत्ता, कर्ज आणि घरच्यांकडून किंवा जवळच्यांकडून मिळणारी मदत, सगळं बघून तो सरळ मार्गानं एवढी रक्कम उभी करू शकतो का ते ठरवायचं. तेव्हा दुकानाचा जीएसटी क्रमांक, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांवरचं नाव, दुकानाच्या क्यूआर कोडचे पैसे कुणाच्या खात्यात जातात, हे उपयोगी पडेल. 'व्यवसाय मजुरी' लिहिणारा माणूस रोज सकाळी दुकानाचं शटर उघडतो, हे त्याला समोरासमोर विचारता येतं.

ब्रोकरचं "कोणी म्हणते" आहे. असं असेल तर मात्र गंभीर आहे. दाव्यातल्या मालमत्तेत दुसऱ्या कुणाला हिस्सा देण्याचा करार झाला असेल, किंवा खटल्याचा खर्च दुसरा कुणी करणार असा करार असेल, तर नादारीचा अर्ज टिकत नाही. पण लेखी करार तुमच्या हाती लागण्याची शक्यता कमी. तो विचारायचा प्रश्न आहे, तुम्ही सिद्ध करायचा आरोप नाही. जबाबात ब्रोकरचं नाव घालू नका.

विचारायचं कधी, ते नीट ऐका. सुनावणीच्या दिवशी कोर्ट दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासतं आणि खुद्द अर्जदारालाही तपासू शकतं. बाहेरच्या साक्षीदारांना फक्त ऐपत, अलीकडची विक्री आणि मालमत्तेतला तिसऱ्याचा हिस्सा एवढ्याच विषयांवर विचारता येतं. अर्जदाराला मात्र अर्ज नाकारण्याच्या कुठल्याही कारणावर विचारता येतं. त्या कारणांमध्ये 'दाव्याला कारणच दिसत नाही' आणि 'दावा कायद्यानं बाद आहे' हीसुद्धा आहेत. पहिल्या तीन पानांत तुमच्या दिरानं आधीच्या दोन्ही दाव्यांचा एका अक्षरानं उल्लेख केलेला नाही. त्याला शपथेवर विचारलं पाहिजे: याच घराबद्दल तुम्ही आधी दावा केला होता का? त्याचा निकाल काय लागला? अपील केलं का? तो "हो" म्हणाला तर ते त्याच्याच तोंडून रेकॉर्डवर येतं. "नाही" म्हणाला तर २०२१ च्या निकालाची नक्कल त्याच्या पुढ्यात ठेवायची.

ती नक्कल आजच मागा. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात अर्ज करावा लागतो, जुनं प्रकरण रेकॉर्ड रूममधून यायला वेळ लागतो. दावा क्रमांक सापडत नसेल तर ई-कोर्ट अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावानं शोधा. पहिल्या दाव्याचं वादपत्र, तुमचा लेखी जबाब, मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा, सगळ्याच्या प्रमाणित प्रती घ्या. दुसऱ्या दाव्याचा रोजनामाही (प्रत्येक पेशीला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) घ्या. तो गैरहजेरीत गेला असं तुम्ही म्हणता, पण त्या शेवटच्या पेशीला तुम्ही किंवा तुमचे वकील हजर होता का? तुम्ही हजर आणि तो गैरहजर असेल, तर त्याच कारणावर त्याला नवा दावा करता येत नाही. दोघंही गैरहजर असाल तर येतो. रोजनाम्याच्या एका ओळीत हे असतं.

आता तुमच्या पत्रातल्या एका अर्ध्या वाक्याकडे येते. ते तुम्ही ओझरतं लिहिलंय, मी तिथेच थांबले. मिस्टर २०१५ मध्ये गेले आणि सासूबाई २०१९ मध्ये. म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी सासूबाई हयात होत्या. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते, बायको आणि मुलांच्या बरोबरीनं. घर सगळं मिस्टरांचंच धरलं तरी त्यात तुमचा एक तृतीयांश, मुलीचा एक तृतीयांश आणि सासूबाईंचा एक तृतीयांश. आखीव पत्रिकेवर (शहरातल्या मिळकतीच्या नोंदीच्या उताऱ्यावर) तुमचं आणि मुलीचंच नाव चढलं असेल, तरी त्यानं सासूबाईंचा हक्क जात नाही.

सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या असतील, तर त्यांचा तृतीयांश त्यांच्या मुलाला आणि आधी वारलेल्या मुलाच्या मुलीला सारखा जातो. म्हणजे घराचा सहावा हिस्सा भाऊजींचा, सहावा तुमच्या मुलीचा. नणंदा नाहीत असं "दोघेच भाऊ" यावरून मी धरते आहे. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, पण वकिलाकडे गेल्यावर बसण्यापेक्षा आज बसलेला बरा. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं होतं का? सासूबाईंनी हक्कसोड पत्र करून दिलं होतं का, आणि ते नोंदवलेलं आहे का? सासूबाईंचं मृत्युपत्र आहे का? तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं कागदानिशी शोधा.

म्हणूनच तुमच्या दिराच्या दाव्याला मी आत्ताच 'खोटा' म्हणत नाही. तुम्ही तीनच पानं पाठवलीत. त्यांत जुनीच गोष्ट आहे, एकत्र कुटुंबाचा पैसा. तेवढीच असेल तर दावा पोकळ आहे, कारण नेमका तोच वाद २०२१ मध्ये पुराव्यानिशी निकाली निघाला आणि अपिलाविना अंतिम झाला. एकदा निकाली लागलेला वाद त्याच पक्षांना पुन्हा उकरता येत नाही, संहितेचं कलम ११ तेच सांगतं. पण चौथ्या-पाचव्या पानावर "मयत आईच्या हिश्श्यापोटी" असं काही लिहिलेलं असेल, तर तो भाग वेगळा. सासूबाई पहिला दावा चालू असतानाच गेल्या, मग तो हक्क तेव्हाच का मांडला नाही, असा मुद्दा तुमचे वकील काढतील आणि काढावाही. निकाल कुठे झुकेल हे कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. अर्जाची उरलेली पानं उद्याच काढा.

तुमचा कळीचा प्रश्न: कोर्ट असे दावे पहिल्याच दिवशी का फेकत नाही? फेकू शकतं. त्यासाठी ऑर्डर सात, रूल अकराचा अर्ज असतो. वादपत्र वाचून दाव्याचं कारणच दिसत नसेल, फी कमी भरली असेल आणि मुदत देऊनही पुरी केली नसेल, किंवा दावा कायद्यानं बाद आहे असं वादपत्रावरूनच दिसत असेल, तर वादपत्र नाकारलं जातं. १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टांना बजावलं होतं की हुशार मसुदा करून उभं केलेलं दाव्याचं खोटं कारण पहिल्याच सुनावणीत खुडून टाका, वादीला समोर बोलावून बारकाईनं विचारा. आजही वकील तो निकाल सर्रास पुढे करतात.

पण इथं एक मर्यादा आहे आणि लोक तिथेच फसतात. या अर्जावर कोर्ट फक्त वादीचं वादपत्र आणि त्यानं जोडलेले कागद बघतं. तुमचा बचाव बघत नाही. आधीचा निकाल वादीनं दडवला असेल तर तो वादपत्रात दिसणारच कसा? २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच स्पष्ट केलं: आधीच्या निकालाचा अडसर तपासायला जुनं वादपत्र, जबाब, मुद्दे वाचावे लागतात, आणि ते या अर्जाच्या कक्षेत सहसा बसत नाही. शिवाय वादपत्र अर्धं नाकारून अर्धं ठेवता येत नाही. सासूबाईंच्या हिश्श्याची एक मागणी जरी टिकण्याजोगी निघाली, तरी सगळा दावा उभा राहतो. तेव्हा कुणी "सेव्हन इलेव्हन टाकू, एका पेशीत उडवू" असं सांगून जास्तीची फी मागत असेल तर सावध राहा.

मग काय करायचं? म्हणूनच नादारीच्या चौकशीवर मी एवढा जोर देते आहे. आधीच्या दाव्यांबद्दल दिराला शपथेवर तोंड उघडायला लावायची ती पहिली जागा आहे, आणि तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडणारीही. कोर्ट त्याच टप्प्यावर दावा बाद ठरवेलच असं नाही. पण दावा पुढे गेलाच तर लेखी जबाबात कलम ११ चा आक्षेप घ्या आणि तो कायद्याचा मुद्दा आधी ठरवा, असा ऑर्डर चौदाखाली अर्ज द्या. सगळा पुरावा पुन्हा घेण्याची गरज मग कदाचित राहणार नाही. लेखी जबाबाची मुदत समन्स मिळाल्यापासून तीस दिवस, कोर्टाच्या परवानगीनं नव्वदपर्यंत. कुठलाही दुसरा अर्ज प्रलंबित आहे म्हणून जबाब थांबवून ठेवू नका.

नादारीचा अर्ज फेटाळला तर? दीर अपील करू शकतो. कोर्ट त्याला फी भरायला मुदतही देऊ शकतं, आणि त्या मुदतीत भरली तर दावा अर्ज केल्याच्या तारखेपासूनच दाखल झाला असं धरतात. तेव्हा अर्ज फेटाळल्याचे पेढे वाटायची घाई नको. पण फी खिशातून भरायची वेळ आली की बरेच जण दाव्याचा विचार नव्यानं करतात, हेही खरं. आणि अर्ज मंजूर झाला तरी ती कायमची माफी नव्हे. तो हरला तर बुडालेली फी त्यानं भरावी असा हुकूम होतो, आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. जिंकला तरी फी हिशेबात येतेच. मधे त्याच्याकडे पैसे असल्याचं उघड झालं, किंवा तो दावा त्रास देण्यासाठी चालवतोय असं दिसलं, तर दिलेली परवानगी काढूनही घेता येते. हे मोहल्ल्यात त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुमच्या वकिलाचं. प्रतिवादीला दाव्याच्या किमतीवर कोर्ट फी नसते. तुम्ही उलट मागणी केलीत तरच ती लागते. राहिली वकिलाची फी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठलीही महिला मोफत विधी साहाय्याला पात्र आहे, उत्पन्नाची अट नाही. पेन्शन आहे म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आधार कार्ड, नोटीस आणि अर्जाची प्रत घेऊन जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तुमच्या बाजूला सकृतदर्शनी दम आहे का एवढं ते बघतात. २०२१ चा निकाल सोबत असेल तर त्यांना फार विचार करावा लागणार नाही. पॅनेलवरचे वकील कसे मिळतील, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. कुणी फार चांगले, कुणी कामापुरते. पटले नाहीत तर बदलून मागता येतात. आणि कोणीही मिळाले तरी कागदांची फाइल तुम्हीच लावा, तारखेच्या क्रमानं, वर एक पानभर घटनाक्रम लिहून.

जाता जाता, "बाईला कोर्ट फी माफ" हे अर्धसत्य खूप ऐकू येतं. १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसा आणि मालमत्तेच्या वादांत महिलांना ती सवलत दिली आहे. पण मालमत्तेच्या वाटेल त्या दाव्याला ती आपोआप लागत नाही. उद्या कुणी "दावा तुमच्या मुलीच्या नावानं टाकू, फीच नाही" म्हणालं तर आधी ती अधिसूचना वाचायला सांगा.

मानहानी नको. तुमच्यावर तीन दावे झाले म्हणून तुम्ही चौथा टाकायचा, यात फायदा फक्त आम्हा वकिलांचा. खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईचा खर्च कलम ३५-अ खाली त्याच दाव्यात मागता येतो. त्याची मर्यादा तीन हजार रुपये आहे. हो, तीन हजार. सुप्रीम कोर्टानं खर्च वास्तववादी लावा असं अनेकदा म्हटलंय, तरी हा आकडा कायद्यात तसाच बसून आहे. त्यामुळे कलम ३५ खाली प्रत्यक्ष झालेला खर्चही मागा, प्रवासापासून नकलांपर्यंतच्या पावत्या जपून ठेवा. यादीत त्यानं मालमत्ता लपवली हे कागदांनी सिद्ध झालं, तर शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल त्याच कोर्टात चौकशीचा अर्ज देता येतो. तो आज नाही, सुनावणीनंतर.

महाराष्ट्रात १९७१ चा त्रासदायक दावे प्रतिबंध कायदासुद्धा आहे. सवयीनं, विनाकारण दावे टाकत सुटलेल्या माणसाला हायकोर्ट तसं जाहीर करू शकतं, आणि मग आधी परवानगी घेतल्याशिवाय त्याला दावा करता येत नाही. पण तो अर्ज महाधिवक्त्यांमार्फत (राज्य सरकारच्या मुख्य वकिलांमार्फत) जातो, आणि आठ-दहा वर्षांत तीन प्रकरणं, त्यातही सासूबाईंच्या हिश्श्याचा प्रश्न उघडा, एवढ्यावर तो मिळेल असं मला वाटत नाही. त्यामागे लागू नका.

पुतण्याच्या लग्नाला जरूर जा. त्या मुलानं तुमच्यावर दावा टाकलेला नाही. मुलीलाही न्या. फक्त मांडवात घराचा विषय निघाला, आणि निघेलच, तर "माझे वकील बोलतील" एवढंच म्हणा. चार वडीलधारे मिळून "मिटवून टाका" म्हणतील. सहाव्या हिश्श्याचा हक्क खरा निघाला तर मिटवणं वाईटही नाही, त्या हिश्श्याची रक्कम ठरवून भाऊजींकडून नोंदणीकृत हक्कसोड पत्र घेता येईल. पण तिथे कुणी टाइप केलेला समझोता पुढे केला तर सही करू नका, मुलीलाही करू देऊ नका. प्रत घ्या आणि वकिलाला दाखवा. लोक अदालतीत तडजोड झाली की तो हुकूमनामाच धरला जातो आणि त्याच्यावर अपील नसतं.